सोलापुरात रुग्णवाहिकेवर काम करताना बूट कोणते घ्यावेत

ताई, इएमटीचा (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा) अभ्यासक्रम पूर्ण करून आपण सोलापुरात एका खासगी रुग्णवाहिकेवर नुकत्याच रुजू झाल्या आहात, ड्युटी १२ तासांची आहे आणि बुटांसाठी ३,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची आपली तयारी आहे. पुढे स्टील टो, म्हणजे बोटांवरची पोलादी टोपी, असावी की नसावी, चेनचे बूट चांगले की नाडीचे आणि वॉटरप्रूफ घ्यावेत का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. सोबतचे लोक म्हणतात की स्पोर्ट्स शूज पुरेसे आहेत, शिवाय दुकानात आपल्या मापाचा, म्हणजे ४ नंबरचा बूट मिळत नाही, असेही आपण लिहिले आहे. रुग्णवाहिकेवरच्या १२ वर्षांत मी बुटांचे सात जोड वापरले. त्यांतील तीन जोड निवडताना माझी चूक झाली होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण ज्याबद्दल विचारलेले नाही, त्या तळाच्या पकडीपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते बाकी सर्व गोष्टी तिच्यानंतर येतात. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पूर्व भागातील एका घरात वृद्ध गृहस्थ न्हाणीत पडल्याचा कॉल आला होता. शहाबादी फरशी वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झाली होती आणि तिच्यावर साबणाचे पाणी तसेच पडलेले होते. माझ्या पायात बाजारातून घेतलेले, दिसायला अत्यंत दणकट आणि तळाला खोल खाचा असलेले बूट होते. स्कूप स्ट्रेचर (रुग्णाखाली दोन्ही बाजूंनी सरकवायचे स्ट्रेचर) उचलून मी उंबऱ्याकडे दोन पावले टाकली, तोच उजवी टाच पुढे सरकली आणि मी गुडघ्यावर आपटलो. आमच्या पायलटने, म्हणजे रुग्णवाहिकेच्या चालकाने, दुसरी बाजू घट्ट धरून ठेवली, म्हणूनच मांडीचे हाड मोडलेले ते आजोबा पुन्हा त्याच फरशीवर पडले नाहीत. घरी येऊन तळ नखाने दाबून पाहिला, तर तो प्लास्टिकसारखा कडक होता.

खोल खाचा म्हणजे चांगली पकड, हा समज चिखलापुरता खरा आहे. ओल्या, गुळगुळीत फरशीवर तळ आणि फरशी यांच्यामधून पाणी लवकर बाहेर निघून जावे लागते आणि उरलेला भाग फरशीला पूर्ण टेकावा लागतो. त्यासाठी मऊ रबर, सपाट ठोकळे आणि त्यांच्यामध्ये बाहेरपर्यंत जाणाऱ्या बारीक वाटा हव्यात. चालताना टाचेची मागची कड आधी टेकते, म्हणून तेथील नक्षी विशेष पाहावी. बुटाच्या जिभेवर किंवा आतल्या लेबलवर पकडीची खूण असते. जुन्या पद्धतीत एसआरए म्हणजे साबणमिश्रित द्राव टाकलेल्या सिरॅमिक फरशीवरची चाचणी, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या पोलादी पत्र्यावरची चाचणी आणि एसआरसी म्हणजे या दोन्ही चाचण्या उत्तीर्ण. २०२२ च्या सुधारित आयएसओ मानकात साबणाच्या फरशीची चाचणी मूलभूत धरलेली आहे आणि ग्लिसरीन टाकलेल्या सिरॅमिक फरशीवरही जो बूट टिकतो, त्याला एसआर ही खूण मिळते. दुकानात दोन्ही प्रकारच्या खुणा दिसू शकतात. एसआरसी किंवा एसआर यांपैकी काहीही लिहिलेले नसेल, तर तो बूट बाजूला ठेवावा. आपल्या कामात रक्त, सलाईन, उलटी आणि अपघाताच्या जागी सांडलेले डिझेल या चारही गोष्टींवरून चालावे लागते, त्यामुळे तळ तेलाने खराब न होणारा आहे ना, हेही विचारून घ्यावे.

आता स्टील टोकडे वळतो. आयएसआय चिन्हाजवळ आयएस १५२९८ हा सुरक्षा बुटांच्या भारतीय मानकाचा क्रमांक असतो आणि त्याचे भाग नीट वाचले, तर दुकानदाराला काही विचारावे लागत नाही. भाग २ मधील बुटाच्या टोपीला २०० ज्यूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे साधारण २० किलोचे वजन एक मीटर उंचीवरून बोटांवर पडल्यासारखे. भाग ३ मध्ये हीच मर्यादा १०० ज्यूल आहे आणि भाग ४ मधील बुटाला टोपी नसते. सोलापुरात सहज मिळतात ते चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतील कामगारांसाठी येणारे भाग २ चे जोड. लोखंडी पाइप किंवा यंत्राचा भाग पायावर पडू शकतो, तेथे ते योग्यच आहेत. आपल्यालाही ऑक्सिजनचा सिलिंडर हाताळावा लागतो आणि भरलेल्या स्ट्रेचरचे चाक पायावरून जाऊ शकते, म्हणून टोपी निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही.

मात्र आपल्या कामात अशी एक स्थिती येते, जी कारखान्यातील कामगाराच्या वाट्याला सहसा येत नाही. सीपीआर देताना, म्हणजे हृदय थांबलेल्या रुग्णाची छाती दाबताना, आपण जमिनीवर गुडघे टेकतो आणि पायांची बोटे मुडपून चवड्यावर भार घेतो. मिनिटाला १०० ते १२० दाब देत असताना शरीराचा प्रत्येक झोका त्या मुडपलेल्या चवड्यावर येतो. बुटाचा तळ कडक असेल किंवा टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यावर येत असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच ती कड रुतू लागते आणि नकळत आपण बसण्याची पद्धत बदलतो. खांदे रुग्णाच्या छातीच्या सरळ वर राहत नाहीत, दाब तिरका पडू लागतो. मोहोळजवळ महामार्गाच्या कडेला एकदा माझे असे झाले. माझा दाब उथळ पडत आहे, हे समोरच्या डॉक्टरांनी पाहिले आणि जागा बदलायला लावली. त्या दिवशी थकवा नव्हता, बूट चुकीचा होता.

म्हणून दुकानात बूट घातल्यावर केवळ चार पावले चालून पाहू नये. फरशीवर गुडघे टेकावेत, बोटे मुडपावीत आणि पूर्ण दोन मिनिटे तसेच बसावे. दुकानदार आणि इतर गिऱ्हाईक पाहतील, पाहू द्यावे. टोपीची कड जाणवली, तर तो जोड आपला नव्हे. आपली रुग्णवाहिका मुख्यतः शहरातील रुग्ण आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे रुग्ण घेते, असे आपण लिहिले आहे. त्या कामासाठी मी भाग ४ चा, टोपी नसलेला पण चांगल्या पकडीचा बूट पहिल्या पसंतीने सुचवेन. पुढे पुणे–हैदराबाद किंवा विजयपूर महामार्गावरील अपघातांचे कॉल घेणाऱ्या गाडीवर गेलात, उसाच्या हंगामात उलटलेल्या ट्रॉल्यांजवळ उभे राहावे लागू लागले, तर टोपी घ्यावी. ती शक्य तर कंपोझिटची (धातूऐवजी मिश्र साहित्याची) घ्यावी, कारण पोलादी टोपीइतकाच आघात सोसूनही ती वजनाने हलकी असते.

स्पोर्ट्स शूजबद्दल आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे आरामाच्या दृष्टीने खरे आहे, पण मी त्यांच्याशी सहमत नाही. त्यांचा वरचा भाग जाळीचा असतो. रक्त त्यातून थेट मोज्यापर्यंत जाते आणि चालत्या गाडीत हातातून निसटलेली सुई टोकावर पडली, तर जाळी ती अडवू शकत नाही. तळाचा मऊ फोमही तसाच. शेतातल्या वस्तीवर सर्पदंशाचा किंवा विहिरीत पडल्याचा कॉल आला, की गाडी बांधापाशी थांबते आणि पुढे बाभळीच्या काट्यांतून चालावे लागते. वेड्या बाभळीचा वाळलेला काटा असा तळ सहज भेदून तळपायात शिरतो. बुटाच्या खुणेत ‘पी’ हे अक्षर असेल, तर तळात खिळा अडवणारा थर असतो आणि त्याची चाचणी १,१०० न्यूटनच्या जोराने घेतलेली असते. पोलादी पत्र्यापेक्षा कापडी थराचा तळ जास्त वाकतो, त्यामुळे गुडघे टेकून करायच्या आपल्या कामाला तो बरा पडतो.

वॉटरप्रूफ बूट मात्र मी सोलापुरात घेऊ नयेत असे स्पष्टपणे सांगेन. आतल्या पूर्ण अस्तरात पाणी अडवणारी पातळ झिल्ली असलेले बूट कोकणात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला उपयोगी पडत असतील. आपल्याकडे पाऊस थोडा आणि एप्रिल-मे मध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. अशा हवेत घाम आतच राहतो, बोटांमधील कातडी पांढरी पडून सोलवटते आणि मग बुरशी धरते. पाणी लवकर न शोषणारे, गुळगुळीत, अखंड चामडे आणि दोन्ही बाजूंनी शिवलेली जीभ एवढे पुरेसे आहे. जीभ बाजूंनी सुटी असेल, तर वरून सांडलेले रक्त नेमके तेथूनच आत उतरते. स्वेडचे बूट घेऊ नयेत, कारण त्यात मुरलेले रक्त निघत नाही.

चेन की नाडी, याचे उत्तर दोन्ही असे आहे. नाडी पायाच्या आकाराप्रमाणे एकदा नीट ओढून बांधावी आणि रोजच्या काढण्या-घालण्यासाठी आतल्या बाजूची चेन वापरावी. रात्री तीन वाजता कॉल आला तर उपयोग होतोच, पण आपल्या लोकांच्या घरात शिरतानाही होतो. तातडीच्या वेळी बूट काढण्याचा प्रश्न नसतो आणि घरातील मोठी माणसे स्वतःच ‘राहू द्या, तसेच आत या’ असे म्हणतात. डायलिसिसच्या रुग्णाला घरी सोडायला गेल्यावर मात्र देवघरासमोरून बूट घालून जाणे मला बरे वाटत नाही, आणि चेन असली की उंबऱ्याबाहेर बूट काढायला क्षणही लागत नाही. चेनच्या मागे चामड्याची पट्टी आहे का, ते पाहावे. बुटात सर्वांत आधी चेनच बिघडते, म्हणून चेन गेली तरी केवळ नाडीवर वापरता येईल असाच जोड घ्यावा.

घोट्यापर्यंतचा ६ इंची बूट मी पसंत करतो. ८ इंची बुटात पिंडरीला घाम येतो, आणि आपली गाडी कधी आपल्यालाच हलवावी लागली, तर क्लच दाबताना घोटा मोकळा वळत नाही. पायलटने तर रुंद आणि जाड तळाचा बूट घेऊच नये, कारण त्यात पेडलचा अंदाज येत नाही आणि बुटाची कड शेजारच्या पेडलला लागू शकते. ही सूचना आपल्या पायलटदादांपर्यंत अवश्य पोहोचवावी.

पावसाळ्यात काळी माती खाचांत भरून बसते आणि मग सर्वांत चांगला तळही सपाट फळीसारखा होतो. गाडीत चढण्यापूर्वी पायरीच्या कडेला बूट घासून माती काढण्याची सवय लावून घ्यावी. आषाढीला पंढरपुरात ड्युटी लागली, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. चंद्रभागेच्या वाळवंटात आणि दर्शनरांगेजवळ असंख्य वारकरी अनवाणी असतात. गर्दीतून स्ट्रेचर काढताना आपला कडक बूट त्यांच्या पायावर पडणार नाही, याकडे एकाने सतत लक्ष द्यावे. तेथे मी नेहमी जुना, हलका जोड वापरतो.

आता मापाबद्दल. बहुतेक जोड पुरुषांच्या साच्यावर बनतात आणि ५ किंवा ६ नंबरपासून सुरू होतात. दोन मोजे घालून ५ नंबर वापरावा, असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल, तो मानू नये. पुरुषांच्या साच्यात टाच रुंद असते. त्यामुळे मोज्यांनी पुढचा भाग भरला, तरी मागे टाच वर-खाली होते, फोड येतात आणि जिना उतरताना पाऊल आत सरकते. स्त्रियांच्या साच्यावरचे सेफ्टी बूट बनतात आणि नवी पेठेतील दुकानदाराने मनावर घेतले, तर तो मागवूनही देतो. आठवडाभर थांबावे लागले तरी थांबावे. माप संध्याकाळी, ड्युटी संपल्यावर द्यावे, कारण दिवसभर उभे राहून पाय सुजलेले असतात. ड्युटीचेच मोजे घालून जावे. पूर्ण सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून मिश्र धाग्याचे घ्यावेत आणि एक जोडी पिशवीत जादा ठेवावी. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे आणि टाच उचलली जाता कामा नये. ‘वापरून सैल होईल’ हे वाक्य चामड्याच्या रुंदीबाबत थोडेफार खरे ठरते, लांबीबाबत कधीही ठरत नाही.

निगा राखण्यात मी एक मोठी चूक केली होती. सवलतीत मिळाला म्हणून एक जोड जादा घेतला आणि खोक्यासह चार वर्षे कपाटात ठेवला. बाहेर काढला तेव्हा तो अगदी नवा दिसत होता. पहिल्याच ड्युटीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून रुग्णाला खाली आणताना तळ भाकरीसारखा तुटू लागला आणि जिन्यावर त्याचे तुकडे पडत गेले. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळ हवेतील ओलाव्याने हळूहळू आतून कुजतो आणि न वापरता ठेवला, तरी ही क्रिया थांबत नाही. म्हणून बुटावरील उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहूनच खरेदी करावी आणि दोन जोड असतील, तर ते दिवसाआड आलटून-पालटून वापरावेत. त्यामुळे प्रत्येक जोडाला आतून वाळायला पूर्ण एक दिवस मिळतो.

रक्त लागले, तर हातमोजे घालून ते आधी टिपून घ्यावे आणि मग साबणाच्या पाण्याने, शिंतोडे उडणार नाहीत अशा बेताने पुसावे. गाडीच्या फरशीसाठी ठेवलेले एक टक्का हायपो (हायपोक्लोराइटचे जंतुनाशक द्रावण) चामड्यावर पुन्हा पुन्हा वापरले, तर रंग जातो आणि शिवण कमकुवत होते. रक्त मुरलेली नाडी धूत बसण्यापेक्षा टाकून द्यावी, त्यासाठी एक जादा नाडी जवळ असावी. बूट आतून वर्तमानपत्र भरून सावलीत वाळवावेत. आपल्याकडचे ऊन चामड्याला भेगा पाडते आणि तळाची चिकटण सोडवते. घरी लहान मूल असेल, तर बूट दाराबाहेरच ठेवावेत.

३,००० रुपयांत हे सर्व एका जोडात मिळेलच असे नाही. तडजोड करावीच लागली, तर चेन सोडावी, टोपी सोडावी, पण पकड आणि माप सोडू नये. घेतल्यानंतर पहिले आठ दिवस रोज संध्याकाळी तासभर घरातच घालून फिरावे आणि तोपर्यंत बिल जपून ठेवावे. तळ बाहेरच्या रस्त्याला लागलेला नसेल, तर बदलून देण्याविषयी दुकानदाराशी बोलता येते, म्हणून ही गोष्ट पैसे देण्यापूर्वीच त्याच्याशी ठरवून घ्यावी.