मुख्य परिणाम वाचायची घाई नको

लघुप्रबंध जमा करायचे दिवस जवळ आले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून त्याच त्या शंका येतात. यंदाच्या काहींना इथेच उत्तरं देतो.

टू बाय थ्री अभिकल्पात मुख्य परिणाम सहा ना? (रत्नागिरी)

दोन. या आराखड्यात घटक दोन (एकाचे स्तर दोन, दुसऱ्याचे तीन), म्हणून मुख्य परिणाम, म्हणजे एकेका घटकाचा सरासरी परिणाम, दोन आणि आंतरक्रिया, म्हणजे एका घटकाचा परिणाम दुसऱ्याच्या स्तरानुसार बदलणं, एक. सहा ही स्थितींची संख्या.

मालवणात स्कूबावाल्यांची ओळख आहे, म्हणून गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांसारखा प्रयोग करायचाय. पण शब्द कुठे पाठ केले, याने त्यांच्याकडे फारसा फरक दिसत नाही. 'जागेचा परिणाम नाही' असं लिहू का? (मालवण)

मुळीच नाही. 1975 च्या त्या प्रयोगात पाणबुड्यांनी 36 शब्दांच्या याद्या काठावर किंवा पाण्याखाली पाठ केल्या आणि तशाच दोन ठिकाणी आठवल्या. काठावर शिकून काठावर आठवले सरासरी 13.5 शब्द, पाण्याखाली 8.6. पाण्याखाली शिकून पाण्याखाली 11.4, काठावर 8.4. आता शिकण्याच्या जागेप्रमाणे सरासरी काढा: 11.05 आणि 9.9. एवढा ठळक फरक कुठे गेला? मुख्य परिणाम सरासऱ्यांच्या सरासरीवरून काढतात, उलट दिशांचे फरक ती एकमेकांत जिरवून टाकते. इथे महत्त्व आहे दोन्ही जागा जुळण्याला, आणि ते फक्त आंतरक्रियेत दिसतं. मुख्य परिणामांवर दोन पानं आणि शेवटी एका ओळीत 'आंतरक्रिया सार्थ (म्हणजे निव्वळ योगायोगाची न वाटणारी) आढळली', असे अहवाल वाचताना फार वाईट वाटतं, कारण शोध त्या एका ओळीतच असतो. आंतरक्रिया सार्थ असेल तर आधी ती लिहा, मग साधे परिणाम, म्हणजे एका घटकाच्या प्रत्येक स्तरावर दुसऱ्याचा परिणाम. मुख्य परिणाम त्यानंतर, जपून. 2021 च्या पुनरावृत्तीत हा निष्कर्ष मिळाला नाही, हेही नोंदवा. आणि मार्गदर्शक व नैतिकता समितीची परवानगी मिळाल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरवू नका.

आलेखातल्या रेषा एकमेकींना छेदत नाहीत, म्हणजे आंतरक्रिया नाही, असं सीनियर सांगतात. (चिपळूण)

ऐकीव माहिती. रेषा समांतर नसल्या तरी शंका घ्यायला पुरे. निर्णय मात्र अनोव्हातल्या (सरासऱ्यांमधले फरक तपासणाऱ्या पद्धतीतल्या) एफ चाचणीवर करा, डोळ्यांवर नको.

संगीताचा परिणाम मुलींमध्ये सार्थ आला, मुलांमध्ये नाही. आंतरक्रिया सिद्ध झाली ना? (सावंतवाडी)

नाही. दोन सुट्या टी चाचण्यांनी (दोन सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या) ते ठरत नाही. फरकांमधला फरक थेट तपासावा लागतो. 2011 साली मेंदूविज्ञानातले लेख तपासले गेले, तेव्हा जिथे ही चूक होऊ शकत होती अशा 157 पैकी 79 लेखांत ती झालेली होती. मार्गदर्शकांसमोर बसून अनोव्हा पुन्हा करा.

एक जण पैसे घेऊन 'सार्थ निकाल' काढून देतो. सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे. (दापोली)

एक रुपयाही देऊ नका. निकाल आधी ठरवून आकडे चालवणं ही फसवणूक आहे, आणि तोंडी परीक्षेला तुम्हालाच बसायचंय. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे बहुधा शवविच्छेदन करून घेणं, असं संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1938 साली भारतीय सांख्यिकी परिषदेतच सांगून गेले. तरी विद्यार्थी शेवटच्या आठवड्यातच येतात. कच्चा तक्ता घेऊन उद्याच मार्गदर्शकांना भेटा, लागलीच तर मुदत वाढवून मागा. निकाल सार्थ नसेल तर तसाच लिहा.