कातरणीच्या दिवशी 11 महिन्यांच्या बॉर्डर कॉलीला मेंढ्यांच्या कामाला लावता येईल का?

तुमचं सासरचं डोंगरी शेत वेल्समध्ये, जुलैच्या सुरुवातीला लोकर कातरायला शेजारची घरं मदतीला येणार, हाताशी सहा आठवडे, आणि कुत्री मेंढ्यांभोवती पळते पण थांबत नाही. अशा वेळी तिला काम देता येईल, पण डोंगरावरून कळप उतरवण्याचं नको. त्या दिवशी मेंढ्यांबरोबर कोकरं असतात. कोकरू वाचवायला मेंढी उलटी फिरते, पाय आपटते, अंगावर येते. नवखी कुत्री एकतर बुजते, नाहीतर चावते, आणि चावल्यावर मेंढी हलते हे एकदा कळलं की ती सवय मोडणं फार अवघड जातं.

धनगरांच्या कुत्र्यांची सवय डोक्यात असेल तर ती बाजूला ठेवा. ती राखण करतात, मेंढ्या माणूस वळतो. कॉलीची उपजत ओढ वेगळी असते. ती कळपाच्या पलीकडे जाऊन तो मालकाकडे आणू पाहते. सगळं शिक्षण या ओढीवरच उभं राहतं.

आधी मेंढ्यांपासून लांब 'लाय डाऊन' आणि परत बोलावणं पक्कं करा. मग कोकरं नसलेल्या, कुत्र्याची सवय असलेल्या 5-6 मेंढ्या 40-50 मीटर रुंद कुरणात घ्या. कुत्रीच्या पट्ट्याला 8-10 मीटरची हलकी दोरी बांधून जमिनीवर मोकळी सोडा. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा: मेंढ्या मधोमध, तुम्ही 6 वर. ती 12 वर पोचली की लगेच थांबवा. तिला तिथेच थांबावंसं वाटतं, म्हणून थांबणं तिथेच लवकर जमतं. मग तुम्ही मागे चालत राहा, मेंढ्या तुमच्यामागे येतील. ती घड्याळाच्या दिशेने वळलेली असतानाच 'कम बाय' म्हणा, उलट दिशेला 'अवे'. मराठी शब्दही चालले असते, पण तिला शेजाऱ्यांबरोबर काम करायचंय, तेव्हा तिथलेच ठेवा.

बहुतेकांचं गाडं कुंपणाशी अडतं. मेंढ्या कुंपणाला चिकटल्या की तिला मागे जायला वाट उरत नाही आणि ती मधे घुसते. ओरडू नका. स्वतः पुढे जाऊन मेंढ्या कुंपणापासून सोडवा. ती पूर्ण वळसा न घेता मधूनच कापत मेंढ्यांजवळ जात असेल तर तिच्या खांद्याच्या दिशेने पाऊल टाकून बाहेर ढकला. काठी फक्त हात लांब करण्यासाठी, मारायला नाही. मेंढ्यांच्या पलीकडे जायला ती घेते तो वळसा 20 मीटरवरून 50 वर न्या. कापायला लागली की अंतर निम्मं करा. एका वेळी 10 मिनिटं पुरे, तेही सकाळी लवकर. जीभ रुंद होऊन लोंबली, हुकूम ऐकू येईनासे झाले की सावली आणि पाणी.

वेगाचं कौतुक करू नका. बाला या गावी 1873 साली भरलेली मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा ब्रिटनमधली नोंद असलेली पहिली मानतात, तीही वेल्समध्येच. अशा स्पर्धांच्या आजच्या नेहमीच्या 100 गुणांत वळशाला 20 आणि कळप पहिल्यांदा अलगद हलवण्याला 10 असतात. वेगासाठी वेगळे गुण नाहीत.

कातरणीच्या दिवशी कळप जाणत्या कुत्र्यांनाच आणू द्या. हिला गोठ्यापासून लांब, सावलीत बांधा. दुपार कलल्यावर कातरलेल्या, कोकरं नसलेल्या, वर्षभर वयाच्या 6-8 मेंढ्या बंद कुरणात तिच्याकडून थोड्या अंतरावर आणवा. हुकूम एकानेच द्यायचे, पाहुण्यांनी हाका मारायच्या नाहीत. मुलं पळू लागली की ती त्यांनाही वळायला जाते, टाचेला दात लावते, म्हणून काम संपताच 'दॅट्ल डू' (बस झालं, परत ये) म्हणून दोरीला लावा.

आणि पंगतीच्या वेळी तिच्याकडे लक्ष असू द्या. शिजलेली हाडं घशात आणि आतड्यात अडकतात. मेंढीचं कच्चं काळीज किंवा फुप्फुस तर अजिबात नको, त्यातून कुत्र्याला फीतकृमी होतात आणि विष्ठेतल्या अंड्यांतून तो रोग मेंढ्यांना आणि माणसांनाही लागतो. जंताचं औषध पशुवैद्याला विचारून वेळच्या वेळी द्या.