'देवी काढल्या' म्हणजे देवी आल्या होत्या का?

प्रश्न असा आलाय की पणजोबांच्या 1911 च्या जन्मनोंदीच्या उताऱ्यासोबत एक पिवळा पडलेला चिटोरा सापडला, त्यावर 'देवी काढल्या' असं लिहिलंय, तर पणजोबांना लहानपणी देवीचा रोग झाला होता का? आणि उताऱ्यात नाव नाही, नुसतं 'मुलगा' लिहिलंय ते का?

नाही हो, उलट आहे. देवी काढणं म्हणजे देवीची लस टोचणं. पण शंका येणं अगदी साहजिक आहे, कारण आज आपल्या कानाला 'काढणं' म्हणजे आत असलेलं बाहेर घेणं, आणि लस तर आत घालतात, मग काढली काय?

इथे खरी गंमत क्रियापदाची आहे. मराठीत निघणं आणि काढणं ही जोडी आहे, गाडी निघते आणि आपण गाडी काढतो, दूध निघतं आणि आपण दूध काढतो. रोग झाला की लोक म्हणायचे अंगावर देवी आल्या किंवा देवी निघाल्या, म्हणजे आपोआप. आणि दंडावर टोचून मुद्दाम दोन-चार फोड उठवले की त्या देवी 'काढल्या', म्हणजे कोणीतरी निघायला लावल्या. म्हणून तर हे अनेकवचन आहे, 'देवी काढली' असं सहसा कोणी म्हणत नाही कारण फोड मोजले जायचे, माझ्या आजीच्या दंडावर दोन गोल वण होते आणि ती त्यांनाच 'माझ्या देवी' म्हणायची. मला हा शब्दप्रयोग फार आवडतो, कारण लस हा परका उपाय आला तरी लोकांनी त्याला रोगाच्याच भाषेत बसवून घेतलं, नवा शब्द शोधत बसले नाहीत.

लस शब्दाचंही तसंच. जखमेतून किंवा फोडातून पाण्यासारखं येतं ती लस. सुरुवातीला एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस घेऊनच दुसऱ्याला टोचायचे. मुंबईत 14 जून 1802 ला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला पहिली लस टोचली आणि तिथून ती हातोहात, म्हणजे खरोखरच दंडातून दंडात, पुढे गेली. आपल्या लेकराच्या अंगातली लस दुसऱ्यासाठी काढू द्यायला आईबाप तयार नसायचे, आणि मला त्यात अडाणीपणा वाटत नाही, कुठल्याही आईला ते नकोच वाटेल. पुढे वासरांवर लस तयार व्हायला लागली, बेळगावात त्याचा डेपो निघाला, तिथल्या मैदानाला लोक अजून व्हॅक्सिन डेपोच म्हणतात.

आता नोंदीचं. मुंबई शहरात मुलांना देवी काढणं 1877 च्या कायद्याने सक्तीचं झालं, जिल्ह्यांसाठी 1892 चा वेगळा कायदा होता. पण सक्ती करायची तर गावात मूल जन्मलंय हे आधी कळायला हवं ना, म्हणून जन्माची नोंद आणि टोचणी या दोन गोष्टी एकमेकींना धरून चालायच्या. टोचून झाल्यावर आठवडाभराने फोड नीट उठलेत का ते बघायचे, उठले तरच टोचणी लागली असं धरायचे, नाहीतर परत टोचायचं.

'मुलगा' एवढंच का, तर जन्म कळवायचा लगेच आणि नाव ठेवायचं बाराव्या दिवशी किंवा त्याच्याही नंतर, त्यामुळे बापाचं नाव, जात, 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढ्यावरच नोंद संपायची आणि नंतर नाव भरायला कोण परत जातंय. अशा बिननावाच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, भरपूर सापडतात, आणि कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या कोतवालाकडच्या अशाच नोंदवहीतही, त्यामुळे उतारा चुकीचा आहे असं समजू नका. बापाचं नाव, गाव आणि भावंडांच्या जन्माची वर्षं लावून बघा.

आणि एक सांभाळा, चिटोऱ्यावर तारीख असेल तर ती टोचल्याची किंवा फोड तपासल्याची असणार. जन्मतारीख म्हणून उताऱ्यातलीच धरा.