गावकीने वाळीत टाकलं तर कायदा आहे का, आणि तो चालतो का?

आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला, २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्नाला, मर्तिकाला जाऊ न देणं, व्यवहार तोडणं, आंतरजातीय लग्नावरून जातीबाहेर काढणं हे सगळं त्यात येतं. यासाठी अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध बरीच मोहीम चालवली होती.

चालतो का? कागदावर जितका, तितका नाही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तक्रार घ्यावीच लागते. पण अनेकदा 'गावातच मिटवा' असा सल्ला मिळतो. गुन्हा जामीनपात्र असल्याने पंच लगेच बाहेर येतात. आणि साक्ष देणार कोण? जो बोलेल त्याचंही उद्या पाणी तोडतील. पंचायत लेखी ठरावही सहसा करत नाही (तेवढी हुशारी असतेच). शिवाय पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते. ती 'संमती' गावात कशी मिळवतात ते सांगायला नको.

म्हणून तक्रार लेखी द्या, पोच घ्या, व्हॉट्सअॅपवरचे निरोप जपून ठेवा. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे जा. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आणि बहिष्कार टाकणारे त्याबाहेरचे असतील तर अॅट्रॉसिटीची कलमंही लावायला सांगा, ती जास्त कडक आहेत.