पूर अडवणारी भिंत लोकांच्या फिरण्याची जागा होऊ शकते का?

होऊ शकते, आणि उत्तम होते. स्पेनच्या आग्नेयेला, सेगुरा नदीकाठी मुर्सिया शहर आहे. तिथला मालेकोन, म्हणजे पूर अडवणारी आणि वरून चालता येणारी भिंत, बघा. कामानिमित्त तिथे राहत होतो तेव्हा संध्याकाळी माझे पाय आपोआप तिकडे वळायचे.

हे बांधकाम मुळात पुरासाठीचंच. सेगुरा एरवी अगदी लहान नदी, पण शरदातल्या मुसळधार पावसात ती ओळखू येत नाही. १६५१ च्या ऑक्टोबरात तिने शहराची दैना केली. पुढे अठराव्या शतकात ही भिंत नव्याने भक्कम केली गेली. तरी १८७९ च्या ऑक्टोबरातल्या महापुरात या भागात शेकडो माणसं दगावली. तेव्हा पॅरिसपर्यंतच्या लोकांनी मदत गोळा केली. पूरग्रस्तांना स्वतःची मोठी रक्कम देणाऱ्या होसे मारिया मुन्योस यांचा पुतळा मालेकोनवरच उभा आहे, आणि मला तो राजेरजवाड्यांच्या पुतळ्यांपेक्षा जास्त आवडतो.

मालेकोनची खरी गंमत ही की तो नदीकाठी नुसता मिरवत नाही, शहरातून थेट बागायतीत नेऊन सोडतो. वेरोनिकास मंडईपाशी चढायचं आणि पश्चिमेला चालत राहायचं. वाट उंचावर, त्यामुळे खाली लिंबा-संत्र्यांच्या झाडांचे शेंडे दिसतात. वसंतात मोहोराचा वास सगळीकडे भरून असतो. वाट संपते तिथून पुढे ला आर्बोलेखा या भागातल्या बागायती वाड्या लागतात.

त्या वाड्यांना पाणी मिळतं ते कोंत्रापारादा बंधाऱ्यावरून निघालेल्या पाटांमधून. मुसलमानी अमदानीपासूनची ही व्यवस्था. आपल्याकडे धुळ्याच्या पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेली सिंचनाची व्यवस्था, ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बंधारा, पाट, पाण्याची पाळी हे सगळं ओळखीचं वाटेल. पाण्याचे तंटे आजही शेतकऱ्यांचंच एक न्यायमंडळ सोडवतं. वालेन्सियाच्या अशाच मंडळासोबत २००९ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

वाईट याचं वाटतं की घरं आणि रस्ते या बागायतीचा घास घेत चालले आहेत. वाड्याच उरल्या नाहीत तर मालेकोन लोकांना नेणार कुठे? म्हणून तुमच्या गावात अशी भिंत बांधायची असेल, तर वरच्या फरशीआधी पलीकडच्या शेतजमिनीला संरक्षण मागा. आणि मुर्सियाला जाणार असाल तर मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये जा, पुतळ्यापाशी फोटो काढून परत फिरू नका, वाड्यांपर्यंत चाला.