दारू सोडून चार महिने झाले, जुने मित्र तोडले, आता संध्याकाळी फार एकटं वाटतं. काय करावं?

चार महिने म्हणजे खायचं काम नाही, आधी अभिनंदन. मला नऊ वर्षं झाली, त्यामुळे ती सात ते नऊची वेळ मला बरोब्बर माहितीये. कामावरून सुटलं की पाय आपोआप बारकडे वळायचे, मी सोडली होती पण पायांना कोण सांगणार. घरी गेलं की बायको आधी तोंडाचा वास बघायची मग चहा ठेवायची. तिचं तरी काय चुकलं म्हणा.

डॉक्टर मागेच लागले म्हणून एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला गेलो. शाळेचा वर्ग, फळ्यावर अर्धवट पुसलेला १७ चा पाढा आणि पोरांच्या बुटक्या बाकांवर पन्नाशीचे बाप्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. मला वाटलं आता प्रवचन. तर एक जण उठला, नाव सांगितलं, मी अल्कोहोलिक आहे म्हणाला आणि क्वार्टर फ्लशच्या टाकीत कशी लपवायचो ते सांगायला लागला, अख्खा वर्ग खो खो हसला कारण निम्म्यांनी तेच केलेलं, मी पण. घरी हाच विषय निघाला की रडारड व्हायची, इथे मी कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसलो.

फी नाही, पिशवी फिरते, जमलं तर दहा रुपये टाका नाहीतर पुढे सरकवा. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. १९३५ ला अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही पक्के बेवडे, एकमेकांशी बोलत बसले त्यातून हे सुरू झालं. देवाचं नाव बरंच येतं, मला ते अजून पूर्ण पटत नाही, प्रार्थनेला मी नुसता उभा राहतो, कोणी काही बोलत नाही. पुण्याकडे असाल तर मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे १९८६ पासून, त्यांच्या फॉलोअप मीटिंगा असतात आणि पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी गट पण आहे.

एका मीटिंगवरून ठरवू नका, दोन-तीन वेगळे ग्रुप बघा. आणि संपल्या संपल्या सटकू नका (मी दोन महिने तेच केलं), खरी ओळख नंतर खाली टपरीवर होते. तिथे फोन नंबर घ्या आणि लाज न बाळगता लावा.

माझी पहिली गटारी सांगतो. गच्चीवर बिल्डिंगवाल्यांची पार्टी, खिडकीतून मटणाचा वास, बायको माहेरी. रात्री अकराला ग्रुपमधल्या एका काकांना फोन लावला, वाटलं उपदेश करतील, तर म्हणाले जेवलास का? नाही म्हटलं. आधी जेव, फोन चालू ठेव. मी गार वरणभात खात होतो आणि पलीकडून ते कोळणीने बोंबलाच्या भावात कसं गंडवलं ते सांगत होते. साडेबाराला वरचा डीजे बंद झाला तेव्हा कळलं, काका कधीचे झोपलेत, फोनवर नुसतं घोरणं ऐकू येतंय.