७२ वर्षांच्या आईला चिगाँग शिकवल्याचा काही फायदा होईल का?

हो, होईल. चिगाँग म्हणजे श्वासाच्या लयीत सावकाश हालचाली करायचा चिनी व्यायाम; त्याचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे तोल सुधारतो. गुडघे किंचित वाकवून शरीराचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश न्यायचं, श्वासही त्याच लयीत. त्यामुळे मांड्या आणि घोट्यांना नेमकं हवं तेच काम मिळतं. भक्कम पुरावा मात्र चिगाँगच्या सख्ख्या नात्यातल्या ‘ताई ची’ या संथ चिनी व्यायामाचा आहे. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये, पडण्याचा धोका असलेल्या सत्तरीपुढच्या ६७० जणांवर चाचणी झाली (प्रसिद्धी २०१८). २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा तासभर ताई ची करणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी भरलं. म्हणजे दोन दिवसांत चमत्कार नाही, सहा महिने चिकाटी हवी.

सुरुवातीला ‘बादुआनजिन’ हा चिगाँगचा प्रकार बरा: आठच हालचाली, पाठ व्हायला सोप्या, उभं राहवत नसेल तर बऱ्याचशा खुर्चीत बसूनही जमतात. आईंची हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकून पाय धरायची सहावी हालचाल गाळा आणि डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करायला सांगणारा शिक्षक भेटला, तर दुसरा शोधा.